छातीवरचा पॅच आणि झोपाळू प्रोसेसर

"सर, सगळ्यात कमी करंट खाणारा मायक्रोकंट्रोलर कुठला?"

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट ठरवायला बसली की हा प्रश्न मला हमखास येतो. मायक्रोकंट्रोलर म्हणजे छोट्या यंत्राचा मेंदू असलेली चिप; पुढे मी त्यालाच प्रोसेसर म्हणेन. यंदा ज्या मुलीने विचारला तिला छातीवर चिकटवायचा ईसीजीचा पॅच करायचा होता. बोटभर लांब, बटण सेलवर चालणारा, १४ दिवस टिकणारा. तिने पाच-सहा चिपच्या डेटाशीट (कंपनीने दिलेल्या माहितीपुस्तिका) उतरवल्या होत्या, पहिल्या पानावरचे आकडे एक्सेलमध्ये मांडले होते आणि सगळ्यात लहान आकड्याचा चौकोन पिवळा केला होता. मी तिला म्हटलं, ही फाइल जरा बाजूला ठेव. आधी सेल किती देणार आणि हृदय किती मागणार ते बघू.

१४ दिवसच का, हे आधी सांगतो, कारण सगळा हिशेब त्या आकड्याला टांगलेला आहे. हृदयाच्या ठोक्यातली अनियमितता बऱ्याचदा येते आणि जाते. माणूस घाबरून दवाखान्यात पोचतो तोवर सगळं सुरळीत झालेलं असतं आणि दहा सेकंदांच्या ईसीजीत काहीच सापडत नाही. म्हणून २४ तास अंगावर बाळगायचं हॉल्टर आलं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या नॉर्मन हॉल्टर यांच्या नावावरून ते नाव पडलं. त्यांचं १९४०च्या दशकातलं पहिलं यंत्र पाठीवर घ्यायचं होतं आणि त्याचं वजन अडतीसेक किलो भरायचं. आज तेच काम काही ग्रॅमच्या पट्टीत होतं. पण २४ तासही पुष्कळदा कमी पडतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १४६ जणांच्या अंगावर दोन्ही साधनं एकदमच लावली. २४ तासांच्या हॉल्टरने अनियमिततेचे ६१ प्रसंग पकडले, तर १४ दिवसांपर्यंत चिकटून राहिलेल्या पॅचने ९६. तेव्हा दिवस वाढवणं ही चैन नव्हे. बॅटरी दहाव्या दिवशी मेली, तर नेमका अकराव्या दिवशीचा प्रसंग हातचा जातो.

सेलचं अंथरूण

बटण सेल म्हणजे सीआर२०३२. नावातच माप आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. दाब ३ व्होल्ट आणि साठा साधारण २२५ मिलिअँपिअर-तास. म्हणजे एक मिलिअँपिअर करंट घेत राहिलात तर २२५ तास पुरेल. पण छापलेला साठा पूर्ण हाती लागत नाही. शेवटी शेवटी दाब उतरतो, मधूनच मोठा करंट ओढला तर सेल दमतो. मी नेहमी ऐंशी टक्के धरतो: १८० मिलिअँपिअर-तास. १४ दिवसांचे तास ३३६. भागाकार केला की ०.५३५ मिलिअँपिअर, म्हणजे ५३५ मायक्रोअँपिअर. एवढं आपलं अंथरूण. सरासरी करंट याच्या आत राहिला पाहिजे, मग मधल्या एखाद्या क्षणी तो पाच मिलिअँपिअर झाला तरी चालेल.

आता हृदयाची मागणी. कातडीवर मिळणारा ईसीजीचा सिग्नल फार बारीक असतो. त्यातलं सगळ्यात उंच टोक, ज्याला आर म्हणतात, जेमतेम एक मिलिव्होल्टच्या घरात. त्याच्या सोबतीला इलेक्ट्रोड (सिग्नल घ्यायला कातडीला टेकवलेला भाग) आणि कातडी यांच्यामध्ये तयार होणारा स्थिर दाब असतो आणि तो ३०० मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो. वरातीच्या बँडशेजारी उभं राहून कुणाची कुजबुज ऐकायची, तसं हे काम आहे, आणि ते प्रोसेसरचं नाही. त्यासाठी वेगळी चिप असते, तिला ॲनालॉग फ्रंट एंड म्हणतात. एडी८२३२ ही स्वस्त आणि विद्यार्थ्यांची लाडकी चिप साधारण १७० मायक्रोअँपिअर घेते. मॅक्स३०००३ ही जरा महागडी चिप ८५ मायक्रोवॉटमध्ये काम उरकते आणि सिग्नलचे आकडेही स्वतःच करून देते. ही चिप दिवसरात्र जागी राहणार, तिला सुट्टी नाही. म्हणून प्रोसेसरआधी हिची निवड करायची. ५३५ मधले १७० एका झटक्यात गेले की शंभर मायक्रोअँपिअरच्या आत भागलं (मॅक्सचे ८५ मायक्रोवॉट तेवढ्यात बसतात), हा फरक पुढे प्रोसेसर निवडून भरून निघत नाही.

चाळीस वर्षांपूर्वीची चिपसुद्धा पुरली असती

सिग्नल सेकंदाला २५० वेळा मोजला की ठोके ओळखायला पुरेसं होतं. नॉर्डिक कंपनीचा एनआरएफ५२८३२ हा अशा पॅचमध्ये सर्रास भेटणारा प्रोसेसर घेऊ. त्याचं क्लॉक, म्हणजे कामाला ताल देणारं घड्याळ, ६४ मेगाहर्ट्झचं. ६ कोटी ४० लाखाला २५० ने भागा: दोन मोजमापांच्या मध्ये त्याच्या हाती २ लाख ५६ हजार क्लॉक सायकल असतात. आणि ठोका ओळखायला लागतात किती? नीट लिहिलेला प्रोग्रॅम असेल तर काहीशे. ५०० धरू. म्हणजे प्रोसेसर ०.२ टक्के वेळ कामात आणि बाकी वेळ रिकामा. दिवसाच्या २४ तासांत त्याची खरी मेहनत पावणेतीन-तीन मिनिटांची.

पटत नसेल तर इतिहास बघा. जियापू पॅन आणि विलिस टॉम्पकिन्स या दोघांनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात ठोके ओळखायची जी पद्धत बसवली, ती १९८५ साली प्रसिद्ध झाली आणि आजही शिकवली जाते, वापरलीही जाते. त्यांनी ती झेड८० या आठ-बिटी प्रोसेसरवर चालवली होती. तो बाजारात आला १९७६ साली! तरीही बोस्टनमध्ये जमवलेल्या ४८ अर्ध्या-अर्ध्या तासांच्या नोंदींवर तिने ९९.३ टक्के ठोके बरोबर पकडले.

पद्धत ऐकायला सोपी आहे. आधी सिग्नलमधल्या अगदी संथ आणि अगदी चपळ लाटा गाळून टाकायच्या. संथ लाट श्वासाने येते, चपळ थरथर स्नायूंची. मग उतार काढायचा, कारण आरचं टोक सुळक्यासारखं चढतं आणि बाकीच्या टेकड्या बसक्या असतात. मग वर्ग करायचा, म्हणजे उणे-अधिक मिटतं आणि मोठं आणखी मोठं दिसतं. मग १५० मिलिसेकंदांच्या खिडकीतली बेरीज घेत पुढे सरकायचं. बेरीज उंबरठा ओलांडून गेली की ठोका. उंबरठाही पक्का नाही, मागच्या ठोक्यांवरून वरखाली होत राहतो. एक ठोका सापडला की २०० मिलिसेकंद दुसरा मोजायचाच नाही, कारण हृदय इतक्या लवकर पुन्हा आकुंचन पावू शकत नाही. आणि बराच वेळ काहीच सापडलं नाही, तर उंबरठा खाली आणून मागे जाऊन शोधायचं. यात अपूर्णांकांची गरजच पडू नये म्हणून त्या दोघांनी गुणकसुद्धा दोनाच्या घातातले निवडले होते. दोनाने गुणायचं म्हणजे बिट एक घर सरकवायचं, झालं.

याच वळणाची एक युक्ती मला फार आवडते. आपल्याकडे घरच्या विजेची घरघर ५० हर्ट्झची असते आणि ती ईसीजीत घुसतेच. सेकंदाला २५० मोजमापं घेत असाल, तर त्या घरघरीच्या एका लाटेत बरोबर पाच मोजमापं बसतात. लागोपाठ पाचांची सरासरी घ्या, वरची बाजू आणि खालची बाजू एकमेकांना खाऊन टाकतात आणि घरघर गायब. चार बेरजा, बस. (अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे हीच युक्ती २४० मोजमापं घेऊन करावी लागेल.) सरासरीने आरचं टोक बोथट होतं, त्यामुळे डॉक्टरांना दाखवायच्या आलेखासाठी हे चालणार नाही. ठोके मोजायला मात्र छान चालतं.

आता पिवळ्या चौकोनाकडे येऊ. डेटाशीटच्या पहिल्या पानावर ठळक छापलेला आकडा असतो मायक्रोअँपिअर प्रति मेगाहर्ट्झ. एनआरएफ५२८३२ चा ५८. ॲम्बिक कंपनीच्या अपोलो३ चा ६. दहापट फरक! कमी दाबावर ट्रान्झिस्टर चालवायची करामत त्यामागे आहे. एकदा चालू-बंद होताना ट्रान्झिस्टर जी ऊर्जा खातो ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे दाब निम्मा केला की खर्च चौथा हिस्सा होतो. अपोलोत दाब इतका खाली आणला आहे की ट्रान्झिस्टर धड चालू झालेलेही नसतात, अर्धवट जागेपणी काम करतात. कमालीचं काम आहे, शंकाच नाही. पण आपल्या पॅचला त्याचा उपयोग किती? ५०० सायकल गुणिले २५०, म्हणजे सेकंदाला सव्वालाख सायकल, म्हणजे ०.१२५ मेगाहर्ट्झ. ५८ च्या दराने खर्च सव्वासात मायक्रोअँपिअर, ६ च्या दराने पाऊण. वाचले साडेसहा. ५३५ मधले साडेसहा.

झोपेतल्या करंटचीही तीच गत. एनआरएफ५२८३२ घड्याळ चालू ठेवून झोपला की १.९ मायक्रोअँपिअर घेतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी४३० घराण्यातला एफआर५९६९ अर्ध्याच्याही आत भागवतो. दीड मायक्रोअँपिअरवरून लोक तावातावाने भांडतात, पण १४ दिवसांच्या पॅचमध्ये ते पाव टक्क्याच्या आसपास आहे.

हाच हिशेब शरीराच्या आत बसणाऱ्या यंत्राला लावला की चित्र उलटं होतं. पेसमेकरची बॅटरी एक अँपिअर-तासाची धरा आणि दहा वर्षं काढायची आहेत असं धरा. ८७,६०० तास होतात. वाट्याला येतात साडेअकरा मायक्रोअँपिअर, आणि त्यातच हृदयाला टोचणाही द्यायचा असतो! तिथे दीड मायक्रोअँपिअर म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाचं आयुष्य. १९५८ साली स्टॉकहोममध्ये पहिल्यांदा माणसाच्या शरीरात पेसमेकर बसवला तेव्हा त्यात निकेल-कॅडमिअमचे सेल होते आणि बाहेरून चार्ज करायची सोय ठेवली होती. ते यंत्र काही तासांतच बंद पडलं. १९७० च्या दशकात लिथियम-आयोडीनची बॅटरी आली तेव्हा कुठे वर्षानुवर्षांची निश्चिंती झाली. सांगायचं एवढंच की "सगळ्यात कमी करंट" हा शब्द कुठल्या यंत्रासाठी, किती दिवसांसाठी, हे जोडल्याशिवाय पोकळ आहे.

मग करंट जातो कुठे?

उठण्या-बसण्यात. खरं घोडं इथे अडतं.

समजा मोजमाप तयार झालं की दरवेळी प्रोसेसरला हाक मारायची, असं लिहिलंत. प्रोसेसर उठणार, त्याचं वेगवान क्लॉक सुरू होऊन स्थिर होणार, समोरच्या चिपशी बोलून आकडा आणणार, आवराआवर करून परत झोपणार. नवख्याने लिहिलेल्या फर्मवेअरमध्ये (चिपमध्ये भरलेल्या प्रोग्रॅममध्ये) एका खेपेला अर्धा मिलिसेकंद सहज जातो. सेकंदाला २५० खेपा म्हणजे १२५ मिलिसेकंद, आठवा हिस्सा वेळ. जागेपणी करंट ३.७ मिलिअँपिअर (५८ गुणिले ६४). सरासरी निघाली ४६० मायक्रोअँपिअर. अंथरूण जवळपास संपलं, आणि काम अजून एक पैशाचंही झालेलं नाही!

आता दुसरी रीत. मॅक्स३०००३ च्या पोटात ३२ मोजमापं साठवायची रांग असते. ती भरत आली की मग हाक. सेकंदाला आठच खेपा, चार मिलिसेकंद, पंधरा मायक्रोअँपिअर. ४६० चे पंधरा. प्रोसेसर तोच, सेल तोच. दुधाच्या एकेका पिशवीसाठी डेअरीवर दहा फेऱ्या घालायच्या की सकाळी एकदाच जाऊन क्रेट आणायचा, एवढाच फरक. ज्या ॲनालॉग चिपमध्ये अशी रांग नाही, तिथे प्रोसेसरमधली डीएमए ही सोय हेच काम करते. मुख्य गडी झोपलेला असतानाच मोजमाप होऊन आकडा परस्पर मेमरीत जाऊन बसतो.

म्हणून प्रोसेसर निवडताना माझे प्रश्न पहिल्या पानावरचे नसतात, शे-दोनशे पानांनंतरचे असतात. हा झोपलेला असताना त्याच्यातले कोणते भाग एकटे काम करू शकतात? टायमर, मोजमाप आणि मेमरी यांची साखळी मुख्य प्रोसेसरला न उठवता जोडता येते का? कुठल्या झोपेतून उठायला किती वेळ लागतो? गाढ झोपेत मेमरी टिकते की पुसली जाते? पुसली जात असेल तर उठल्यावर सगळं नव्याने भरायला लागणारा वेळ हाही खर्चच. डेटाशीटमध्ये झोपेचे चार-पाच प्रकार असतात आणि जाहिरातीत नेहमी सगळ्यात गाढ झोपेचा आकडा असतो. त्या झोपेत घड्याळसुद्धा बंद असतं, म्हणजे आपल्या कामाची ती झोपच नव्हे.

रेडिओचं, म्हणजे फोनकडे आकडे हवेतून पाठवणाऱ्या भागाचं, सांगायला हवं, कारण त्याबद्दल गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. "ब्लूटूथ लावलं की बॅटरी खलास" असं एक, आणि "लो एनर्जी आहे ना, मग काळजी नको" असं दुसरं. खरं उत्तर पाकिटाच्या आकारात आहे. २५० मोजमापं, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे सेकंदाला ५०० बाइट. जुन्या पद्धतीने २० बाइटची पाकिटं केली तर सेकंदाला पंचवीस लागतात. दर पाकिटामागे नाव-पत्ता, पोच, मधले थांबे आले. २४४ बाइटची मोठी पाकिटं केली तर दोन-तीन पुरतात, एकेक अडीच मिलिसेकंदात जातं. सव्वापाच मिलिअँपिअरने हिशेब केला तर मोठ्या पाकिटांचा सरासरी खर्च चाळीसेक मायक्रोअँपिअर, लहानांचा त्याच्या दुप्पट, आणि प्रत्येक पाकिटासाठी रेडिओ वेगळा उठवलात तर पाचपट. शिवाय २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी आपलं पाणीदार शरीर शोषून घेतं. पॅच छातीवर, फोन पाठीमागच्या खिशात, मग पाकीट हरवतं, पुन्हा पाठवावं लागतं. टेबलावर मोजलेला आकडा माणसाच्या अंगावर तसाच राहत नाही.

त्याहून शहाणपणाचा सवाल असा की सगळं पाठवायचंच कशाला? १४ दिवसांचा कच्चा ईसीजी ६०० मेगाबाइटच्या आसपास भरतो. तो पॅचमधल्याच मेमरीत ठेवता येतो. अमेरिकेत झिओ नावाचा पॅच अशाच रीतीने सुरू झाला: नोंद आतच, दिवस भरले की पाकिटात घालून पोस्टाने परत. हवेतून पाठवायचे ते फक्त ठोक्यांमधले अंतर. दिवसाला लाखभर ठोके, प्रत्येकी दोन बाइट, दोनशे किलोबाइट. एट्रिअल फिब्रिलेशनसारखा (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या थरथरीचा) विकार तर या अंतरांच्या बेतालपणावरूनच बराचसा ओळखता येतो. ठोके ओळखायचं काम प्रोसेसरनेच छातीवर उरकलं, त्याला सात मायक्रोअँपिअर पडले आणि रेडिओचे तीसेक वाचले.

इथे एक खाचखळगा आहे तो सरासरीत दिसत नाही. बटण सेलच्या आत स्वतःचा रोध असतो. नवा असताना दहा-वीस ओहम, म्हातारा होईल तसा वाढत जाणारा. समजा बाराव्या दिवशी तो ५० ओहम आहे आणि रेडिओ व मेमरी एकाच वेळी जागे होऊन १५ मिलिअँपिअर ओढतात. पाऊण व्होल्ट तिथेच पडला. २.७ व्होल्टचे १.९५ झाले, प्रोसेसर घाबरून रिसेट झाला, पुन्हा उठला, पुन्हा तेच. सेलमध्ये साठा शिल्लक असूनही यंत्र मेलं. उपाय म्हणजे सेलशेजारी १०० मायक्रोफॅरडचा चांगला, गळका नसलेला कपॅसिटर (थोडी वीज साठवून गरजेला झटकन देणारा भाग), आणि फर्मवेअरमध्ये शिस्त: मेमरीत लिहिणं आणि रेडिओ एकाच क्षणी नाही. आणि १.८ किंवा १.७ व्होल्टपर्यंत तग धरणारा प्रोसेसर घ्यायचा. हा आकडा एक्सेलमध्ये कुणी मांडत नाही, पण शेवटच्या दोन दिवसांचं भवितव्य त्यावर असतं.

मशीन लर्निंग आलं की

वर मी अपोलोच्या ६ या आकड्याला जरा हसलो. ते परत घेण्याची वेळ येते जेव्हा कुणी म्हणतं की नुसते ठोके नकोत, ठोक्याचा आकार बघून प्रकारही ओळखायचा, तोही न्यूरल नेटवर्कने, म्हणजे उदाहरणं दाखवून शिकवलेल्या प्रोग्रॅमने. अगदी आटोपशीर नेटवर्कलाही सेकंदाला दहा लाख गुणाकार-बेरजा लागल्या असं धरू. कॉर्टेक्स-एम४ जातीच्या प्रोसेसरला (आपले एनआरएफ५२८३२ आणि अपोलो३ याच जातीचे) त्यासाठी दहा ते वीस लाख सायकल लागतील. वीस लाख धरले तर दोन मेगाहर्ट्झचा खर्च ५८ च्या दराने ११६ मायक्रोअँपिअर, ६ च्या दराने १२. आता शंभराचा फरक आहे, आता पिवळा चौकोन कामाचा. तरीही मी आधी विचारेन की नेटवर्क सतत चालवायची गरज आहे का. ठोक्यांची अंतरं बेताल वाटली तरच त्याला उठवावं. आधी राखणदाराने बघावं, मग फौजदाराला बोलवावं.

आकडेमोडीचं एक गुपित जाता जाता. मुलं पायथॉनमध्ये सगळं अपूर्णांकांत करतात आणि तसंच सी या भाषेत उतरवतात. कॉर्टेक्स-एम४एफ मध्ये अपूर्णांकांसाठी वेगळं यंत्र असतं, पण ते एकेरी अचूकतेचं. सीमध्ये नुसतं ०.५ लिहिलं की तो आकडा दुहेरी अचूकतेचा धरला जातो आणि सगळं गणित सॉफ्टवेअरने, कित्येक पट सायकल खर्चून होतं. आकड्यामागे एफ हे अक्षर लावलं की मामला मिटतो. धाकट्या कॉर्टेक्स-एम० प्लस जातीच्या प्रोसेसरमध्ये तर ते यंत्रही नाही आणि भागाकाराची आज्ञाही नाही. तिथे पॅन आणि टॉम्पकिन्स यांच्यासारखं पूर्णांकांत राहणंच शहाणपणाचं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. चिप पुढची आठ-दहा वर्षं मिळत राहील का, हे कंपनीच्या यादीत बघायचं. वैद्यकीय उपकरणात प्रोसेसर बदलला की चाचण्यांचं आणि कागदपत्रांचं ओझं पुन्हा डोक्यावर येतं. चिपमधल्या ज्ञात दोषांची यादी, एराटा म्हणतात ती, डेटाशीटच्या आधी वाचायची. आणि टीमला जो प्रोसेसर आधीपासून हातात बसलेला आहे त्याला दहा मायक्रोअँपिअरची सूट बिनदिक्कत द्यायची.

कारण कागदावरचा हिशेब आणि अंगावरचा पॅच यांच्यात दरी असते, आणि ती मी स्वतः अनुभवली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही केलेल्या एका पॅचचा हिशेब २८० मायक्रोअँपिअरचा होता. म्हणजे २६ दिवस चालायला हवा. मीच छातीवर लावून हिंडत होतो. दहाव्या दिवशी सकाळी दाढी करताना बघितलं तर मुका. आठवडाभर ॲनालॉग चिपवर संशय घेतला, सेलवाल्याला दोष दिला. शेवटी निघालं ते असं की चाचणीसाठी ठेवलेल्या सिरिअल पोर्टचं (वायरने कॉम्प्युटरशी बोलायच्या जोडणीचं) ऐकणं कुणी बंदच केलं नव्हतं. पलीकडे वायरसुद्धा नव्हती, पण पोर्ट कान टवकारून बसला होता आणि तो ऐकतोय म्हणून वेगवान क्लॉक कधी थांबत नव्हतं. अर्धा मिलिअँपिअर, अखंड. प्रोसेसर झोपलाय असं आम्ही समजत होतो, तो डोळे मिटून जागा होता. तसाच दुसरा चोर म्हणजे १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर, म्हणजे चिपची पिन एरवी वरच्या दाबाला धरून ठेवणारा रोध. ती पिन खाली ओढलेली राहिली की ३ व्होल्टवर ३०० मायक्रोअँपिअर जमिनीत जातात. थेंबे थेंबे तळं साचतं तसं आटतंही.

आणि हे साध्या मल्टिमीटरने पकडायला जाऊ नका. मायक्रोअँपिअरच्या रेंजवर मीटर स्वतःच दाब खातो, रेडिओ जागा झाला की प्रोसेसर रिसेट होतो आणि तुम्ही भलत्याच गोष्टीचा माग काढत बसता. करंटचा आलेख काढणारा पॉवर प्रोफायलर मिळतो, विद्यार्थ्यांच्या आवाक्यातलाही मिळतो. तो लावून पूर्ण एक दिवस नोंद घ्यायची.

त्या मुलीने शेवटी एनआरएफ५२८३२ घेतला, कारण रेडिओ त्याच चिपमध्ये होता आणि तिच्या सीनिअरने त्यावर आधी काम केलेलं होतं. सोबत मॅक्स३०००३. हिशेबाने पावणेदोनशे यायला हवे होते. मागच्या आठवड्यात तिचा मेसेज आला: "सर, २७५ येतायत. शंभर कुठे जातायत?" सोबत आलेखाचा फोटो. दर सेकंदाला एक बारीक, सरळसोट दात दिसत होता. पाच मिलिअँपिअर, वीस मिलिसेकंद. गुणाकार करायचीही गरज नव्हती.

"हिरवी एलईडी मिचकते का?"

"हो सर. पण पॅच चालू आहे हे पेशंटला कळायला नको का?"

प्रश्न रास्त होता. ठरलं असं की चिकटवल्यावर पहिला एक मिनिट मिचकायची, आणि नंतर कुणी बटण दाबलं तरच.